‘करिता’ची सही आणि कार्यालयाचा एकच मेल

पावसाळा तोंडावर आला की कोकणातल्या तहसील कचेरीत भिंतीवर एक कागद लागतो. तो असतो नियंत्रण कक्षातल्या पाळ्यांचा. पोलादपूरसारख्या तालुक्यात या कागदाला मोठा अर्थ आहे. एका अंगाला कशेडी घाट, दुसऱ्या अंगाला महाबळेश्वरकडे चढणारा आंबेनळी घाट, मधून महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावून महाडकडे धावणारी सावित्री आणि डोंगरांच्या कुशीत विखुरलेल्या वाड्या. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कक्ष चोवीस तास उघडा राहतो. सकाळची पाळी, दुपारची पाळी, रात्रपाळी. माणसे बदलत राहतात, पण नोंदवही एकच असते आणि कार्यालयाचा मेल आयडीही एकच. कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी फोन कोणी उचलायचा हे त्या कागदावर लिहिलेले असते. आलेल्या मेलला उत्तर कोणी द्यायचे आणि कोणाच्या नावाने द्यायचे, हे मात्र अशा कागदांवर क्वचितच सापडते.

प्रश्न दिसायला छोटा आहे. एकाच मेल आयडीवर चार-सहा जण काम करतात, तेव्हा वाचण्याची मुभा कोणाला, उत्तर देण्याची कोणाला आणि गेलेल्या उत्तरावर नाव कोणाचे, याची व्यवस्था लावायची असते. हे काम संगणकवाल्याचे, असे सर्रास मानले जाते. ते मुळात कार्यालय प्रमुखाचे आहे. संगणकवाला फक्त पडद्यावरच्या चौकटींत खुणा करतो. कोणत्या चौकटीत खूण करायची हे सहीच्या अधिकारावरून ठरते, आणि सहीचा अधिकार कोणी, कोणाला, किती द्यायचा याचे शहाणपण आपल्या कचेऱ्यांत संगणक येण्याच्या कितीतरी आधीपासून आहे.

तहसील कचेरीतून आलेले एखादे जुने पत्र हाती घेऊन पाहावे. खाली तहसीलदारांच्या पदाचा शिक्का असतो. सही कधी त्यांची स्वतःची असते, तर कधी नायब तहसीलदार सही करतात आणि पदनामाला जोडून ‘करिता’ लिहितात. या एका शब्दात तीन गोष्टी उघड होतात. पत्र त्या पदाचे आहे, सही करणारा हात दुसऱ्याचा आहे, आणि त्या हाताला तशी परवानगी आहे. मंत्रालयातून निघणारा प्रत्येक शासन निर्णय ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ या शब्दांनी संपतो आणि त्याखाली उपसचिव किंवा कक्ष अधिकारी सही करतात. ही पद्धत राज्यघटनेच्या १६६व्या अनुच्छेदातून आली आहे. राज्याचा कारभार राज्यपालांच्या नावाने चालायचा, पण आदेश कोणाच्या सहीने प्रमाण ठरेल हे नियमांनी ठरवायचे. नाव एकाचे आणि हात दुसऱ्याचा, आणि दोन्ही कागदावर दिसणारे.

ईमेलची रचना करणाऱ्यांनाही हीच गरज भासली होती. इंटरनेटवरच्या संदेशांचा साचा ठरवणारा ‘आरएफसी ८२२’ नावाचा दस्तऐवज १९८२चा, आणि त्याची आज प्रचलित असलेली आवृत्ती ‘आरएफसी ५३२२’ ही २००८ची. संदेशाच्या माथ्यावर ‘फ्रॉम’ आणि ‘सेंडर’ अशा दोन वेगळ्या ओळी ठेवण्याची सोय त्यांत आहे. ‘फ्रॉम’मध्ये मजकुराचा धनी आणि ‘सेंडर’मध्ये तो प्रत्यक्ष पाठवणारा. समजावून सांगताना उदाहरण दिले आहे ते साहेबासाठी पत्र पाठवणाऱ्या सेक्रेटरीचे. म्हणजे नायब तहसीलदाराची ‘करिता’ची सही ईमेलच्या साच्यात चाळीस वर्षांपासून बसलेली आहे. आपण ती वापरत नाही, एवढेच.

वापरत नाही, कारण सोपा रस्ता हाताशी असतो: सगळ्यांना मिळून एक पासवर्ड. ज्यांनी छोट्या कार्यालयांत काम केले आहे त्यांना हे दृश्य परिचयाचे आहे. टेबलाच्या काचेखाली किंवा वहीच्या शेवटच्या पानावर पासवर्ड लिहिलेला असतो. तो कारकुनाला ठाऊक, ऑपरेटरला ठाऊक, दोन वर्षांपूर्वी बदलून गेलेल्या साहेबांनाही ठाऊक. जो संगणकापुढे बसेल तो मेल उघडतो आणि उत्तर देतो. बाहेरच्याला दिसते ते फक्त कार्यालयाचे नाव. आतल्या माणसांनाही दोन महिन्यांनी सांगता येत नाही की ते उत्तर कोणी लिहिले, कोणाला विचारून लिहिले.

यात वाईट हेतू कोणाचाच नसतो. माणसे कमी, काम जास्त, आणि रात्री अकरा वाजता जिल्ह्याहून माहिती मागवली तर ती द्यावीच लागते. पण ‘करिता’ हा शब्द पुसला गेला की काय होते, हे संकटाच्या दिवसांत कळते.

२२ जुलै २०२१ हा दिवस महाड-पोलादपूर विसरलेले नाही. महाड शहर सावित्रीच्या पाण्यात होते. महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळून ८०हून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी इथेही डोंगर घसरून माणसे दगावली. वीज गेलेली, मोबाइल मुके झालेले, रस्ते तुटलेले. त्या दिवशी मेलची व्यवस्था नीट असती तर जीव वाचले असते, असे म्हणणे खोटे ठरेल. पण संकटाचा दुसरा भाग पाणी ओसरल्यावर सुरू होतो. पंचनाम्यांच्या याद्या, वारसांची कागदपत्रे, तात्पुरत्या निवाऱ्याचा पत्रव्यवहार, मदत पाठवू इच्छिणाऱ्या संस्थांचे प्रश्न, मुंबईत नोकरी करणाऱ्या मुलाने गावातल्या आईवडिलांच्या घराबद्दल केलेली विचारणा. हे सगळे कार्यालयाच्या त्याच एका मेलवर येऊन पडते. अशा वेळी ‘तुमचे घर यादीत आहे’ असे उत्तर एका पाळीतून गेले आणि ‘यादी अजून अंतिम नाही’ असे दुसऱ्या पाळीतून गेले, तर त्या मुलाने कोणत्या उत्तरावर विश्वास ठेवायचा? दोन्ही उत्तरांवर नाव सारखेच.

म्हणून पहिली गोष्ट ही, की वाचण्याची परवानगी आणि उत्तराची परवानगी वेगवेगळी ठेवली पाहिजे. मोठ्या ईमेल यंत्रणा आज हे करू देतात. मायक्रोसॉफ्ट ३६५मध्ये सामाईक मेलबॉक्सला तीन प्रकारची मुभा असते. ‘फुल अॅक्सेस’ मिळालेला माणूस सगळा मेल उघडून वाचतो, हलवतो, पुसतोही, पण एवढ्याने त्याला कार्यालयाच्या नावाने उत्तर पाठवता येत नाही. त्यासाठी ‘सेंड अॅज’ किंवा ‘सेंड ऑन बिहाफ’ वेगळे द्यावे लागते. ‘सेंड अॅज’ म्हणजे थेट पदाची सही. उत्तर नुसते कार्यालयाच्या नावाने जाते आणि हात दिसत नाही. ‘सेंड ऑन बिहाफ’ म्हणजे ‘करिता’. घेणाऱ्याला पाठवणाऱ्याचे नाव आणि कार्यालयाचे नाव दोन्ही दिसतात. एकाच माणसाला दोन्ही दिले तर ‘सेंड अॅज’ वरचढ ठरते आणि ‘करिता’ गायब होते. बारीक बाब आहे, पण नेमकी इथेच चूक होते. जास्त परवानगी दिली म्हणजे काम सोपे होईल असे वाटून दोन्ही चौकटींत खूण केली जाते, आणि जी खूण जपायची होती तीच जाते.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना उशिरा कळते. सामाईक मेलबॉक्समधून पाठवलेले उत्तर मुळात पाठवणाऱ्याच्या स्वतःच्या ‘सेंट’ कप्प्यात जाऊन बसते, कार्यालयाच्या कप्प्यात नाही. प्रशासकाने एक वेगळी खूण केली की मगच त्याची प्रत कार्यालयाच्या कप्प्यातही पडते. ही खूण राहिली तर सकाळच्या पाळीला रात्रपाळीने काय उत्तर दिले ते दिसतच नाही, आणि एकाच पत्राला दोन उत्तरे जातात. जावक नोंदवही प्रत्येक कारकुनाने आपापल्या घरी न्यावी, असा हा प्रकार आहे. सामाईक मेलबॉक्सला ५० जीबीपर्यंत वेगळा परवाना विकत घ्यावा लागत नाही. त्याचा स्वतःचा पासवर्ड वापरून कोणी थेट आत शिरू नये म्हणून तो दरवाजा बंदच ठेवावा, अशी खुद्द कंपनीची सूचना आहे. प्रत्येकाने आपल्या नावाच्या खात्यातून आत यावे आणि कार्यालयाच्या वतीने बोलावे, अशी ती कल्पना आहे.

जीमेलमध्ये याला ‘डेलिगेशन’ म्हणतात. साध्या जीमेल खात्याला दहापर्यंत प्रतिनिधी नेमता येतात, आणि संस्थांसाठीच्या विकत घेतलेल्या सेवेत हजारपर्यंत. प्रतिनिधी मेल वाचतो, उत्तर देतो, पुसतो, पण पासवर्ड बदलू शकत नाही. दोष असा की वाचणे आणि उत्तर देणे इथे वेगळे करता येत नाही. एकदा आत घेतला की तो दोन्ही करतो. त्यामुळे नुसते वाचायला हवे अशा माणसाला प्रतिनिधी करू नये. त्याला मेल पुढे पाठवण्याची वेगळी सोय करावी. गूगल ग्रुप्सचा सामाईक इनबॉक्स याहून सरस आहे. त्यात आलेले पत्र एखाद्याच्या नावावर टाकता येते, काम झाले की तशी खूण करता येते, आणि गटाच्या नावाने कोण लिहू शकेल हे वेगळे ठरवता येते. महसूल कचेरीत टपाल फोडल्यावर ते संबंधित शाखेच्या कारकुनाच्या नावावर लागते आणि त्याच्या कार्यविवरण नोंदवहीत चढते, तीच ही पद्धत.

सरकारी मेलचे स्वतःचे धोरण आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१४मध्ये ईमेल धोरण आखले. कामासाठी सरकारी सेवाच वापरावी, पासवर्ड कोणाला सांगू नये, आणि पदनामाचा पत्ता व माणसाच्या नावाचा पत्ता हे वेगळे असावेत, ही त्यातली मुख्य सूत्रे. अलीकडे केंद्र सरकारच्या मेलचा डोलारा भारतीय कंपनी झोहोच्या यंत्रणेवर हलवला गेला. पत्त्यांची सरकारी शेपटी तीच राहिली, आतले यंत्र बदलले. पदनामाचा पत्ता ही कल्पना फार मोलाची आहे. तहसीलदार बदलतात, तहसीलदाराचा पत्ता बदलत नाही. पण इथे एक व्यावहारिक अडचण उभी राहते. आता नुसत्या पासवर्डवर दार उघडत नाही, मोबाइलवर दुसरी पडताळणी लागते. मोबाइल कोणाचा? ज्याच्या खिशात तो मोबाइल, तो रजेवर गेला की कार्यालयाचा मेल बंद. मग रात्री बारा वाजता फोन करून ओटीपी विचारायचा, आणि मोबाइलवर आलेला आकडा कोणालाही सांगू नका असे ज्या सरकारने गावोगाव बजावले, त्याच सरकारच्या माणसाने तो फोनवरून सांगायचा. पडताळणीची सोय चुकीची नाही. एका दाराला सहा माणसे आणि किल्ली एक, ही मांडणी चुकीची आहे. प्रत्येकाला त्याची किल्ली दिली की हा प्रश्न उरत नाही.

ज्याची त्याची भूमिका वेगळी ठेवण्याची ही रीत या भागाला नवी नाही. पोलादपूरहून जवळच, महाड तालुक्यात, रायगड आहे. १६७४मध्ये राज्याभिषेक झाला तेव्हा तिथल्या दफ्तरातून निघणाऱ्या पत्रांची शिस्त आजच्या कोणत्याही यंत्रणेला मान खाली घालायला लावणारी होती. पत्राच्या माथ्यावर शिक्का असे आणि मजकूर संपला तिथे मोर्तब. मोर्तब म्हणजे मर्यादा. तिच्याखाली कोणाला ओळ वाढवता येत नसे. मजकूर लिहिणारा हात वेगळा, तो तपासून शुद्ध करणारा वेगळा, आणि नोंदीची खूण वेगळी. त्या खुणेला ‘बार’ म्हणत. महसूल कचेरीत आजही आवक टपालाच्या नोंदीला ‘बारनिशी’ म्हणतात, तो शब्द याच दफ्तरी परंपरेतला. जुन्या दफ्तराचा गौरव करून थांबण्यासाठी हे सांगायचे नाही. लिहिणारा, तपासणारा आणि शिक्का करणारा या तीन भूमिका वेगळ्या ठेवणे ज्यांना घोडेस्वाराच्या काळात जमले, त्यांच्या वारसांना ते संगणकावर जमायला हरकत नाही.

आता कायद्याकडे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० मधली दोन कलमे प्रत्येक कार्यालय प्रमुखाने वाचलेली असावीत. कलम ११ सांगते की इलेक्ट्रॉनिक पत्र कोणाच्या नावे धरायचे. स्वतः पाठवले तर त्याचे, त्याच्या वतीने अधिकार असलेल्या माणसाने पाठवले तरी त्याचे, आणि त्याने लावून ठेवलेल्या यंत्रणेने आपोआप पाठवले तरीही त्याचेच. म्हणजे पासवर्ड सगळ्यांना वाटला की बाहेरच्या जगासाठी प्रत्येक उत्तर साहेबांचे ठरण्याची शक्यता निर्माण होते, आणि ‘ते मी पाठवले नव्हते’ हे सिद्ध करण्याचे ओझे त्यांच्यावर येते. मेलवर लावलेले ‘आपले पत्र मिळाले’ हे आपोआप जाणारे उत्तरही याच कलमात बसते. म्हणून त्याचा मजकूर कार्यालय प्रमुखाने स्वतः मंजूर केलेला हवा. ‘आपल्या तक्रारीवर तीन दिवसांत कार्यवाही होईल’ असे कोणा उत्साही ऑपरेटरने लिहून ठेवले, तर ते वचन कार्यालयाचे होते.

कलम १३ त्याहून कडक आहे. मेल मिळण्यासाठी एखादा पत्ता ठरवून दिला असेल, तर पत्र त्या यंत्रणेत शिरले की मिळाले असे धरले जाते. कोणी उघडले का, वाचले का, हे तिथे विचारात येत नाही. खासगी व्यवहारातही मेल हलका समजण्याचे दिवस गेले. २०१०मध्ये ट्रायमेक्स इंटरनॅशनल विरुद्ध वेदांता अॅल्युमिनियम या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ईमेलांतून पक्का झालेला व्यवहार हा करारच मानला, स्वतंत्र करारपत्रावर सह्या झालेल्या नसतानाही. मेलवरचा एक ‘मान्य आहे’ हा शब्द कार्यालयाला बांधू शकतो. तो शब्द लिहिण्याची मुभा कोणाला आहे, हे आधी ठरलेले नसेल तर नंतर ठरवून उपयोग नाही.

दुसऱ्याचा पासवर्ड फसवणुकीच्या हेतूने वापरणे हा याच अधिनियमाच्या कलम ६६सी खाली गुन्हा आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैदेची. साहेबांनीच दिलेला पासवर्ड कामासाठी वापरला तर तो असा गुन्हा होत नाही. पण या दोन वापरांत फरक दाखवणारी खूण यंत्रात उरत नाही, हीच तर अडचण. केंद्राच्या सर्ट-इन या संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांप्रमाणे संगणक यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. त्या नोंदी सांगतील की कोणत्या खात्यातून, किती वाजता मेल गेला. खाते सहा जणांचे असेल तर नोंद मुकी राहते.

तहसीलदाराच्या बाबतीत गुंतागुंत आणखी वाढते, कारण एकाच खुर्चीत अनेक पदे बसलेली असतात. महसूल अधिकारी म्हणून कारभार, कार्यकारी दंडाधिकारी म्हणून आदेश, जमीन महसूल संहितेखाली सुनावण्या. निवडणूक आली की १९४ महाड विधानसभा मतदारसंघाचे काम, त्यात पोलादपूरही येते. सगळ्यात नाजूक जागा माहिती अधिकाराची. २००५च्या कायद्याने अर्ज इलेक्ट्रॉनिक मार्गाने करण्याची मुभा दिली आहे. उत्तर ३० दिवसांत द्यायचे, आणि माणसाच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत. विषय दुसऱ्या कार्यालयाचा असेल तर अर्ज पाच दिवसांत तिकडे धाडायचा. हे उत्तर जन माहिती अधिकाऱ्याचे असते, आणि त्याविरुद्धचे पहिले अपील त्याच्याहून वरिष्ठ अधिकाऱ्यापुढे चालते. लहान कार्यालयात हे दोघे शेजारच्या खोल्यांत बसतात, आणि मेल आयडी सामाईक असेल तर माहिती नाकारणारे उत्तर आणि त्यावरच्या अपिलाचा निकाल एकाच पत्त्यावरून जातो. ज्याच्याविरुद्ध अपील केले त्यानेच निकाल दिला, असे अर्जदाराला वाटले तर त्याला दोष देता येणार नाही. या एका कारणासाठी तरी माहिती अधिकाराला वेगळा पत्ता, नाहीतर निदान ‘करिता’ची दिसणारी खूण हवी. याबाबत तडजोड नसावी.

उत्तराच्या परवानगीची आणखी एक बाजू आहे: उत्तर कोणाकोणाला जाणार. १४ नोव्हेंबर २०१६ रोजी इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत एक चाचणीचा मेल चुकून सुमारे ८ लाख ४० हजार कर्मचाऱ्यांना गेला. लोकांनी ‘सगळ्यांना उत्तर’ दाबून ‘मला का पाठवले’ असे विचारायला सुरुवात केली आणि सव्वा तासात सुमारे ५० कोटी मेल फिरले. त्या यादीला कोण लिहू शकेल, यावर बंधन नव्हते. त्याच देशात आदल्या वर्षी लंडनमधल्या एचआयव्ही रुग्णांच्या एका दवाखान्याने बातमीपत्र पाठवताना सातशेहून अधिक पत्ते लपवण्याऐवजी उघड्या रकान्यात टाकले. प्रत्येक रुग्णाला इतरांचे पत्ते दिसले, आणि पुढे १ लाख ८० हजार पौंडांचा दंड झाला. नुकसानभरपाईच्या यादीतल्या शंभर कुटुंबांना एकत्र मेल पाठवणाऱ्याने ही गोष्ट लक्षात ठेवावी. ग्रामपंचायतींची, कोतवालांची, बचाव पथकांची अशी सामाईक यादी असेल तर तिला लिहिण्याचा अधिकार कक्षप्रमुखापुरता ठेवावा, आणि यादीतून आलेले उत्तर फक्त कक्षाकडे यावे, सगळ्यांकडे नाही.

महाडची औद्योगिक वसाहत ही या प्रश्नाची दुसरी शाळा आहे. बिरवाडीच्या बाजूला पसरलेल्या रासायनिक कारखान्यांत हिशेब, खरेदी, सुरक्षा असे सामाईक मेल असतात, आणि तिथे चुकीच्या उत्तराची किंमत रुपयांत मोजता येते. २०१५मध्ये ओएनजीसीने सौदी अरामकोला नाफ्था पाठवला. चोरांनी ओएनजीसीच्या पत्त्यातली दोन अक्षरे उलटसुलट करून दिसायला तसाच पत्ता तयार केला आणि पैसे दुसऱ्या बँक खात्यात भरा असे कळवले. सुमारे १९७ कोटी रुपये भलत्याच खात्यात गेले आणि तक्रार मुंबईच्या सायबर पोलिसांकडे आली. पत्ता नकली होता, तरी डाव यशस्वी झाला तो एका सवयीमुळे. बँक खाते बदलल्याची सूचना नुसत्या मेलवर मान्य करायची नाही आणि नुसत्या मेलने द्यायची नाही, असा दंडक त्या साखळीत कुठेतरी सैल होता. हिशेबाच्या सामाईक मेलवरून खाते क्रमांकाबद्दलचे कोणतेही उत्तर दोन माणसांनी पाहिल्याशिवाय जाऊ नये, आणि समोरच्याशी जुन्या, माहितीच्या नंबरवर बोलल्याशिवाय तर नाहीच. काही यंत्रणांत असे उत्तर दुसऱ्याच्या मंजुरीसाठी रोखून धरता येते. ती सोय नसेल तर मजकूर मसुद्याच्या कप्प्यात ठेवावा आणि पाठवण्याची मुभा दुसऱ्याकडे ठेवावी. कचेरीत टिपणी कारकून लिहितो आणि सही साहेब करतात, तेच.

आणि तिसरा मेल पोलादपूरचा, ज्याची कोणी दखल घेत नाही: गावाच्या मंडळाचा. तालुक्यातली कित्येक घरे मुंबईच्या पगारावर उभी राहिली. जवळपास प्रत्येक गावाचे एक ग्रामस्थ मंडळ गावात आणि एक मुंबईत. रस्ता, पाणी, शाळेची खोली, दरडीचा धोका यांसाठीचे अर्ज मुंबईहून टाइप होतात आणि उत्तर गावात कोणाला तरी लागते. मेल आयडी मात्र एखाद्या तरुण कार्यकर्त्याने स्वतःच्या मोबाइल नंबरवर काढलेला साधा जीमेल. तो तरुण परदेशी गेला, नंबर बदलला, किंवा मंडळात मतभेद झाले, की सगळा पत्रव्यवहार त्याच्याबरोबर जातो. अशा मंडळांसाठी दहा प्रतिनिधींची फुकट सोय पुरेशी आहे. अध्यक्ष, सचिव, मुंबई शाखेचा एक आणि गावचा एक असे चौघे प्रतिनिधी नेमावेत. पासवर्ड लखोट्यात बंद करून खजिनदाराकडे ठेवावा, आणि वार्षिक सभेच्या इतिवृत्तात प्रतिनिधींची नावे लिहावीत. कार्यकारिणी बदलली की नावे बदलावीत. फुकट सोय आहे म्हणून ती हलकी नाही. गावाचा पत्रव्यवहार ही गावाची मालमत्ता आहे.

आता मांडणी. उत्तर देणारे हात कमीत कमी असावेत, असा सल्ला संगणकाची पुस्तके देतात. नियंत्रण कक्षाला तो जसाच्या तसा लागू पडत नाही. रात्रपाळीच्या माणसाला उत्तराची मुभाच दिली नाही तर तो पुन्हा पासवर्ड मागेल, आणि सगळे मूळपदावर येईल. म्हणून माणसांपेक्षा उत्तरांचे प्रकार पाडणे जास्त शहाणपणाचे. पोच देणे हे एक उत्तर, ते पाळीवरच्या कोणीही द्यावे. पावसाचे आकडे, बंद रस्ते, पोहोचलेले पथक अशी वस्तुस्थिती कळवणे हे दुसरे, ते पाळीप्रमुखाने ‘करिता’ लावून कळवावे. ज्यात कोणाला काही मिळेल, नाकारले जाईल किंवा आदेश होईल ते तिसरे, आणि ते फक्त अधिकाऱ्याच्या स्वतःच्या खात्यातून जावे. यंत्रणेत हे तिन्ही प्रकार तंतोतंत बांधता आले नाहीत तरी लेखी आदेशात बांधता येतात. उत्तराच्या शेवटी नाव, पदनाम आणि जावक क्रमांक लिहिण्याची सक्ती केली, तर साध्यातल्या साध्या जीमेलवरही ‘करिता’ परत येते.

कप्प्यांसाठी नवे काही शोधायची गरज नाही. महसूल खात्याची सहा गठ्ठा पद्धत इनबॉक्सला चपखल बसते. कार्यवाही करायची पत्रे एका कप्प्यात, कोणाच्या तरी उत्तराची वाट पाहणारी दुसऱ्यात, नियतकालिक अहवाल तिसऱ्यात, स्थायी आदेश चौथ्यात, अभिलेख कक्षात जाणारी पाचव्यात आणि मुदत संपून नष्ट करायची सहाव्यात. बदल्या आणि दिरंगाई यांविषयीच्या २००५च्या राज्य कायद्याप्रमाणे कोणतीही फाइल एका टेबलावर सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये. पहिल्या कप्प्यातल्या मेलची तारीख पाहिली की तो हिशेब डोळ्यांपुढे येतो. पुसण्याची मुभा मात्र फक्त सहाव्या कप्प्यापुरती आणि एकाच माणसाकडे. सामाईक मेलमध्ये उत्तर देण्याइतकाच पुसण्याचा अधिकार जोखमीचा आहे, आणि त्याचा विचार सर्वांत कमी होतो.

बदलीचा आदेश आला की कार्यभार हस्तांतराच्या यादीत किल्ल्या, शिक्के, नोंदवह्या येतात. त्याच यादीत मेलवरच्या नावांची एक ओळ यावी: कोणाला वाचण्याची मुभा आहे, कोणाला ‘करिता’ उत्तराची, कोणाला पदाच्या नावाने उत्तराची, आणि आज त्यांतून कोणाचे नाव काढले. राज्याच्या याच बदल्यांच्या कायद्यात एका पदावरची मुदत साधारण तीन वर्षांची असते आणि बदल्या बहुतेक एप्रिल-मेमध्ये होतात. म्हणजे मे संपता संपता माणसे बदललेली असतात आणि जून उजाडताच नियंत्रण कक्ष उघडतो. महाड आणि पोलादपूरच्या कार्यालय प्रमुखांना विनंती आहे की या दोहोंच्या मधला एक तास मेलसाठी काढावा. जुनी नावे काढावीत, नवी घालावीत, एक चाचणीचे उत्तर पाठवून त्यावर कोणाचे नाव दिसते ते स्वतः पाहावे, आणि पाळ्यांच्या त्या कागदावर फोनच्या शेजारी आणखी एक रकाना आखावा: ‘मेलला उत्तर देणार’.